आर्वीचा गवळी मुलूख

वर्धा जिल्ह्याविषयीं जे सरकारी ग्रंथ इंग्रजी अमलांत सिद्ध झाले ते चाळले असतां आर्वी हें कापसाच्या व्यापाराचें गांव म्हणून वाचकापुढें उभें राहतें. १९०१ च्या खानेसुमारींत गांवची वस्ती १०,६७६ भरली. सरकी काढण्याचे व गठ्ठे दाबण्याचे कारखाने येथें होते, आणि पुलगांवपासून आर्वीपर्यंतचा अरुंद मापाचा लोहमार्ग १९१७ सालीं सुरू झाला तो मुख्यतः याच मालाच्या सोयीसाठीं. हें सर्व खरें आहे. तथापि आर्वीपासून उत्तरेस व ईशान्येस, म्हणजे आष्टी आणि कारंजा (घाडगे) यांच्या बाजूस जसजसें जावें तसतशी काळी जमीन उथळ होत जाते, सातपुड्याच्या शाखांच्या टेकड्या लागतात, आणि कापसाऐवजी गवत हेंच भूमीचें मुख्य पीक दिसूं लागतें. या टापूंत कित्येक पिढ्यांपासून नंदगवळी नांदत आहेत. त्यांच्या गुरांची जात गवळाऊ या नांवानें प्रसिद्ध आहे. गुरांवरून लोकांस नांव मिळाल्याचीं उदाहरणें आढळतात, येथें लोकांवरून गुरांस मिळालें आहे. अशा या मुलुखाचा इतिहास कागदांत इतका तुटक कां सांपडतो, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम गांवाविषयीं. आर्वीची वसाहत सुमारें तीन शतकांपूर्वी तेलंगराव वली यानें केली, असें इंपीरियल गॅझेटियरच्या काळीं सांगत असत; म्हणजे आजच्या हिशेबानें चार शतकें झालीं. गांवास 'आर्वी तेलंगराव' असेंही म्हणत. हा पुरुष ब्राह्मण होता असें हिंदू मानीत व मुसलमान होता असें मुसलमान मानीत, आणि त्याच्या समाधीस दोघेही सारख्याच भक्तीनें जात. तेलंगरावाची जात ठरविण्याचा खटाटोप आम्हांस निष्फळ वाटतो. जवळच्या आष्टीस जहांगीर बादशहाच्या काळचा अफगाण सरदार महंमदखान नियाझी याची कबर आहे. तो १६२७ सालीं वारला. त्याच सुमारास आर्वी वसली असेल, तर मोगली अमलाच्या स्थैर्यांत या खोऱ्यांत नवीं गांवें वसत होतीं एवढेंच अनुमान निघतें, आणि तेवढें पुरेसें आहे.

गवळ्यांच्या आगमनाची कथा याहून फार जुनी सांगतात. आर्वीपासून थोड्या कोसांवर, वर्धा नदीच्या पश्चिम तीरीं कौंडण्यपूर आहे. तें रुक्मिणीचें माहेर. श्रीकृष्ण रुक्मिणीस नेण्यासाठीं आला तेव्हां त्याजबरोबर नंदाचे गवळी आले. परत जातांना त्यांपैकीं कांहीं येथेंच राहिले, व त्यांचे वंशज आपण, असें नंदगवळी म्हणतात. कौंडण्यपुराचें उत्खनन डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनीं केलें व त्याचा वृत्तान्त १९६८ सालीं प्रसिद्ध झाला. स्थळ प्राचीन आहे हें त्यावरून निर्विवाद ठरतें; पण स्थळाचें प्राचीनत्व म्हणजे कथेचें प्रामाण्य नव्हे. कथेचें मोल निराळ्या ठिकाणीं आहे. आपण येथें बाहेरून, उत्तरेकडून, गुरें घेऊन आलों ही या लोकांची आठवण तींत टिकून राहिली आहे.

दुसरी परंपरा 'गवळी राजां'ची. विदर्भांत पडका किल्ला दिसला कीं तो गवळी राजाचा, असें सांगण्याची रीतच आहे. छिंदवाड्याकडील देवगड येथें दोन गवळी भाऊ राज्य करीत होते, त्यांस मारून जाटबा या गोंड पुरुषानें गादी बळकाविली, ही दंतकथा सर्वश्रुत आहे. त्यांतील जाटबा ऐतिहासिक पुरुष खराच. अकबराच्या काळचा देवगडचा जमीनदार म्हणून अबुल फजल त्याचा उल्लेख करतो. गवळी बंधूंस मात्र असा साक्षीदार नाहीं. गाविलगड या नांवांतही गवळी आहे; किल्ला अहमदशहा बहामनीनें १४२५ च्या सुमारास बांधला असें फिरिस्ता लिहितो, आणि नांव त्याहून जुनें असावें असा तर्क आहे. येथें एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. नाशिकच्या लेण्यांतील लेखांत येणारा आभीर राजा ईश्वरसेन, यदुकुळाचा अभिमान धरणारे देवगिरीचे यादव, आणि देवगडचे कथेंतील गवळी यांस एका माळेंत ओवून आजच्या नंदगवळ्यांपर्यंत वंशावळ आणून सोडणें, हा मोह पुष्कळांस आवरलेला नाहीं. त्यांच्यामध्यें शतकांचीं अंतरें आहेत व तीं कागदांनीं भरलेलीं नाहींत. सातपुड्याच्या दोन्ही अंगांस गुरें बाळगणाऱ्या लोकांचें एके काळीं बळ होतें, आणि पुढें तें गेलें, एवढा सामान्य निष्कर्ष मात्र इतक्या ठिकाणच्या कथांवरून काढण्यास हरकत नसावी.

निश्चित इतिहासाची भूमि लागते ती भोसल्यांच्या काळीं. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धांत १५ डिसेंबर १८०३ रोजीं गाविलगड वेलस्लीच्या हातीं पडला आणि दोनच दिवसांनीं देवगांवचा तह झाला. त्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांनीं सोडला. गाविलगड व नरनाळा आणि त्यांखालील कांहीं भाग तेवढा त्यांजकडे राहिला. आर्वी नदीच्या पूर्वेस, म्हणून ती नागपूरकडेच राहिली. जी नदी आजवर गुरांस पाणी पाजण्याची जागा होती ती दोन राज्यांची सरहद्द झाली. पुढील पंधरा वर्षें पेंढाऱ्यांच्या धामधुमीचीं. वर्धा खोऱ्यांतील गांवोगांव मातीच्या गढ्या दिसतात त्या याच अस्वस्थ काळाची साक्ष देतात. शेतकऱ्याचें धान्य पेवांत लपवितां येतें, गाय लपवितां येत नाहीं. तेव्हां या काळीं गवळ्यांनीं डोंगराळ भाग अधिक जवळ केला असावा, असा आमचा तर्क आहे. तो तर्क म्हणूनच घ्यावा.

आतां त्या गाईकडे वळूं. गवळाऊ गुरूं पांढरें किंवा राखी. वळूची मान व वशिंड अधिक करडें. तोंड लांब व अरुंद, डोळे बदामाच्या आकाराचे, शिंगें आंखूड व बोथट, पाय हलके. आंध्रांतील ओंगोल जातीशीं तिचें साम्य जाणकारांस दिसतें, पण गवळाऊ त्या मानानें बारीक अंगाची. तिचा विशेष गुण म्हणजे चाल. जोशी व फिलिप्स यांचा भारत-पाकिस्तानांतील वशिंडी गुरांवरील ग्रंथ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेनें १९५३ सालीं काढला. त्यांत व त्याच्या आधारानें लिहिलेल्या इतर पुस्तकांत असें म्हटलेलें असतें कीं, डोंगराळ मुलुखांतून लष्करी सामान त्वरेनें नेतां यावें म्हणून मराठ्यांनीं ही जात मुद्दाम घडविली. हें विधान वाचण्यास गोड आहे, परंतु त्यासोबत समकालीन कागदाचा हवाला दिलेला नसतो. भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालपर्यंत गेल्या, त्यांस घाट ओलांडावे लागत, व हलक्या, चपळ बैलास मागणी असणारच, इतकें खरें. पण मोठ्या फौजेचें धान्य वाहणारे बंजारी होते, व त्यांचे तांडे पाठीवर गोण्या घातलेल्या बैलांचे असत. आमच्या मतें जात घडविली ती दरबारानें नव्हे, गवळ्यानें. कोणता गोऱ्हा वळू म्हणून राखावा आणि कोणता खच्ची करून विकावा हा निवाडा दर वर्षीं त्याच्या आखरावर होत असे. फौजदार गिऱ्हाइकांपैकीं एक. दमणी व रेंगी हांकणारा पाटील व सावकार हा दुसरा. आणि शंकरपटाचा शौकीन तिसरा. वेग सर्वांसच हवा होता.

या एका गोष्टींत या मुलुखाच्या अर्थव्यवहाराची किल्ली आहे. गवळाऊ गाय दुधाला मोठी नव्हे; एका वेताचें दूध सरासरी सुमारें ६०० किलो. शहरी दुग्धालयवाल्यास हा आंकडा हास्यास्पद वाटेल. पण गवळी दुधावर एकट्यावर कधींच जगत नव्हता. वासरास पोटभर पाजल्यावांचून चांगला बैल होत नाहीं, आणि चांगल्या बैलजोडीची किंमत हेंच त्याचें मोठें उत्पन्न. उरलेल्या दुधाचें विरजण लावून लोणी काढावें व तूप कढवावें, कारण सडक व आगगाडी नसतां दूध एका दिवसापलीकडे टिकत नाहीं, तूप महिनोगणती टिकतें व डोईवरून दूरच्या बाजारास जातें. ताक घरीं व शेजारीं. दूध जास्त हवें तेथें म्हैस असे. लांब, चपट्या, तरवारीसारख्या मागें वळलेल्या शिंगांची नागपुरी म्हैस याच प्रदेशाची. शेणखत शेतकऱ्यास मिळे. पिकें निघाल्यावर गवळ्यांचीं गुरें मोकळ्या शेतांत बसवीत, त्यांत दोघांचाही लाभ. म्हणजे कापसाच्या पट्ट्याचा नांगर, गाडी व खत हीं तिन्ही गवळी मुलुखाकडून येत होतीं. आर्वीच्या बाजारांतील कापसाच्या गाड्यांचे बैल कोठले, हा प्रश्न त्या सरकारी ग्रंथकारांनीं स्वतःस विचारला असता तर त्यांचें वर्णन निराळें झालें असतें.

गवळी आणि गोवारी यांत येथें भेद करणें जरूर आहे, कारण बाहेरील लेखक तो विसरतात. गवळी आपल्या गुरांचा धनी. गोवारी गांवचीं गुरें मजुरीवर राखणारा. नागपुरांत २३ नोव्हेंबर १९९४ रोजीं विधानभवनावरील मोर्च्याच्या वेळीं झालेल्या चेंगराचेंगरींत ११४ माणसें प्राणांस मुकलीं तीं गोवारी समाजाचीं. एका कळपामागें चालणारे हे दोन समाज, पण त्यांचीं दुःखें वेगळीं.

गवळी कागदांत कां दिसत नाहीं, याचें उत्तर महसुलाच्या रचनेंत आहे. १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें. १८६२ सालीं नागपुरांतून वर्धा जिल्हा निराळा काढण्यांत आला. आणि पुढच्या बंदोबस्तांत पाटील हे मालगुजार झाले. दप्तर नांगराचें होतें. कोण किती जमीन वाहतो, काय देतो, हें त्यांत नोंदलें गेलें. ज्याचें धन चालतें-फिरतें तो 'निस्तार' आणि 'चराई' या सदरांखालीं, तोही दुसऱ्याच्या कृपेवर, उरला. त्याच वेळीं अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१–६५) कापसास सोन्याचा भाव आला, १८६७ मध्यें आगगाडी नागपुरास पोहोंचली, आणि जेथें म्हणून फाळ चाले तेथें पडीत मोडली. १८७८ च्या जंगल कायद्यानें राखीव वनांच्या सीमा आंखल्या. आंत गुरें शिरलीं तर कोंडवाडा ठरलेला. १८९६–९७ व १८९९–१९०० या दोन दुष्काळांत वैरणीवांचून काय झालें असेल तें सांगणें नको. एका बाजूस कापूस व दुसऱ्या बाजूस राखीव जंगल, या दोहोंमध्यें कुरण दरवर्षीं आंखूड होत गेलें. यांत कोणाचा दुष्टावा नव्हता, असें कोणी म्हणेल, असेल. पण ज्याच्या जमिनीवर रेषा ओढल्या त्यास विचारलें गेलें नाहीं, कारण कागदोपत्रीं ती त्याची नव्हतीच.

गवळाऊ गाईकडे शिकलेल्या लोकांचें लक्ष वर्ध्यांतील एका चळवळीमुळें गेलें. १९३६ पासून गांधीजी शेगांवीं राहूं लागले. १९४० मध्यें तें सेवाग्राम झालें. आश्रमाची गोशाळा य. म. पारनेरकर पाहत. १९४१ सालीं जमनालाल बजाज यांनीं गोसेवा संघाचें काम हातीं घेतलें व गोपुरीस झोपडींत राहून त्यास वाहून घेतलें; ११ फेब्रुवारी १९४२ रोजीं त्यांचें निधन झालें, तेव्हां जानकीदेवींनीं तो भार उचलला. संघाचा आग्रह असा कीं, म्हशीपुढें गाय मागें पडत असल्यानें गाईचेंच दूध-तूप खावें, आणि परकी जात न आणतां स्थानिक गाईचीच निवड करून ती दुधास वाढवावी. त्या आग्रहाची खूण म्हणून वर्ध्याचें गोरस भांडार व गाईच्या तुपांतला गोरसपाक अद्याप आहे. १९४६ मध्यें कारंज्याजवळ हेटीकुंडी येथें गवळाऊच्या पैदाशीचें सरकारी क्षेत्र उघडलें. या प्रयत्नांविषयीं आदर बाळगूनही एक गोष्ट नमूद करावीशी वाटते: त्यांनीं गाय पाहिली, गवळी त्या मानानें कमी पाहिला. वळू उत्तम निपजला तरी त्याची संतति चरणार कोठें, हा प्रश्न गोशाळेच्या कुंपणाबाहेरचा राहिला.

स्वातंत्र्यानंतर मालगुजारी गेली (१९५१), व मालगुजारांचीं जंगलें आणि पडीत जमिनी सरकारांत आल्या. 'ई-क्लास' म्हणून गुरांसाठीं राखलेली जमीन कागदांत राहिली. प्रत्यक्षांत ठिकठिकाणीं तीवर शेतें, घरें, सरकारी इमारती उठल्या. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत वर्धा व नागपूर एका राज्यांत आणि छिंदवाडा, शिवनी व बालाघाट दुसऱ्यांत गेले; गवळाऊचें माहेर पुन्हा दुभंगलें, आतां नदीनें नव्हे तर डोंगराच्या ओळीनें. पुढें दूधसंकलनाच्या योजना आल्या त्यांस लिटरांचा हिशेब हवा होता, बैलाच्या चालीचा नव्हे; म्हणून जर्सी व होल्स्टीन यांचा संकर सर्वत्र झाला. ट्रॅक्टर आला तसें बैलाचें गिऱ्हाईक घटलें, आणि गवळ्याच्या उत्पन्नाचा मोठा पाय मोडला. दक्षिणेकडील बोर अभयारण्य १९७० मध्यें झालें, २०१४ मध्यें तें व्याघ्रप्रकल्प ठरलें. वाघ राखला पाहिजे यांत वाद नाहीं; परंतु ज्या रानांत वाघ आणि गाय शतकानुशतकें एकत्र राहिलीं तेथून गाय प्रथम बाहेर काढली गेली, हें इतिहासकारानें लिहून ठेविलें पाहिजे.

पुलगांवची ती छोटी आगगाडीही आतां बंद पडली आहे. शंकरपटांवर २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्यें ती सशर्त उठली, व मे २०२३ मध्यें महाराष्ट्राचा कायदा वैध ठरला. त्यामुळें चपळ गोऱ्ह्यांची विचारपूस पुन्हा होऊं लागली आहे. आर्वी, आष्टी व कारंजा तालुक्यांतील नंदगवळी अद्याप गुरें राखून आहेत. दिवाळीच्या पाडव्यास गाई न्हाऊन, गेरूनें रंगवून, मोरपिसें बांधून निघतात. कोणती गाय कोणत्या गाईची नात, हें त्यांस तोंडपाठ असतें. भोसल्यांच्या दप्तरांत जें मिळणार नाहीं तें या वंशावळींत मिळण्याचा संभव आहे, आणि त्या अद्याप कोणी उतरून घेतलेल्या दिसत नाहींत. आमच्या मंडळाच्या सभासदांपैकीं आर्वीकडे ज्यांचें जाणें-येणें आहे त्यांनीं एका पावसाळ्यापुरती वही बरोबर ठेवावी. सांगणारे म्हातारे आतां थोडे उरले आहेत.