बीज, क्षेत्र आणि वाफसा

आमच्या नगर जिल्ह्यांत रब्बीची ज्वारी पेरावयाची म्हणजे शेतकरी आधीं वाफसा पाहतो. बियाणें निवडक असो, जमीन काळी कसदार असो. वाफसा नसेल तर पेरणी वायां जाते. ऋतु, क्षेत्र, अंबु व बीज हीं चारहि एकत्र आल्यावांचून गर्भ राहत नाहीं, असें सुश्रुतानेंहि शारीरस्थानांत अंकुराचाच दृष्टांत देऊन सांगितलें आहे.

ह्यांतील मर्म आधुनिक शास्त्रानें पेशींपर्यंत जाऊन उकललें आहे. फलनानंतर पांचव्या-सहाव्या दिवशीं गर्भ म्हणजे शंभर-दोनशें पेशींचा एक पोकळ गोलक असतो. वरचें कवच टाकून त्याला गर्भाशयाच्या अस्तराला चिकटावें लागतें. एरव्हीं अस्तर त्याला थारा देत नाहीं; २८ दिवसांच्या चक्रांत सुमारें २० ते २४ ह्या दिवसांतच त्याला वाफसा येतो.

हें चिकटविण्याचें काम पेशींच्या पृष्ठभागावरील आसंजक रेणूंचें. त्यांपैकीं एक विशिष्ट इंटेग्रिन नेमका ह्याच सुमारास अस्तरावर प्रकट होतो व वंध्यत्व असलेल्या कांहीं स्त्रियांत तो वेळेवर दिसत नाहीं, असें १९९२ सालीं अमेरिकेंतील संशोधकांस आढळलें. रक्तांतील श्वेतपेशी ज्या सिलेक्टिन रेणूच्या योगें रक्तवाहिनीच्या भिंतीवर रेंगाळतात, तोच गर्भाच्या बाह्य पेशींवरहि असतो, हें २००३ सालीं कळलें. मात्र ह्या रेणूंवरून निदान करणारी निर्णायक परीक्षा अद्याप सिद्ध झालेली नाहीं.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत ६ ऑगस्ट १९८६ रोजीं डॉ. इंदिरा हिंदुजा व परळच्या प्रजनन-संशोधन संस्थेचे डॉ. आनंदकुमार ह्यांच्या प्रयत्नांनीं प्रयोगशाळेंत फलन झालेली कन्या जन्मास आली. फलन मनुष्याच्या हातीं आलें; रुजणें मात्र अजून पुरतें आलेलें नाहीं.

हें लिहिण्यास कारण घरचेंच आहे. आमच्या एका सुनेच्या उदरीं दोनदां गर्भ ठेविला, दोनदां रुजला नाहीं. घरांतील वडील बायकांनीं तिच्या पायगुणास बोल लाविला, आणि आयुष्यभर मुलांना 'कारणावांचून कार्य नाहीं' असें शिकविणारा मी ओसरीवर मुकाट बसलों.

बीज दोघांचें असतें. पुष्कळदां गुणसूत्रांतील दोषामुळें तेंच रुजत नाहीं. वाफसा चुकला म्हणून आपण भूमीला शाप देत नाहीं. मग सुनेलाच कां द्यावा? त्या दिवशीं मीं बोलावयास हवें होतें. वाचकांनीं तरी आपल्या घरीं वेळेवर बोलावें.