समाजशास्त्राचा पाठ आणि आमचें स्वयंपाकघर

जून महिना उजाडला, परीक्षांचे निकाल हातीं आले, कीं सुशिक्षित घरांतून एक ठराविक वाद सुरू होतो. मुलानें किंवा मुलीनें पुढें कोणता विषय घ्यावा, हा तो वाद होय. यंदां तो आमच्याच घरीं झाला. आमच्या पुतणीनें रात्रीच्या जेवणाच्या वेळीं जाहीर केलें कीं, ती समाजशास्त्र घेणार. क्षणभर सारे गप्प झाले. मग तिचे आजोबा, म्हणजे आमचे वडील, ताटावरून मान वर करून म्हणाले, “समाजांत तर आपण राहतोंच. त्याचें निराळें शास्त्र काय शिकायचें?”

हा प्रश्न दिसतो तितका भाबडा नाहीं. वीस-बावीस वर्षांपूर्वीं याच घरांत आमच्या आजोबांनीं तो आम्हांला विचारला होता, व तेव्हां आम्हांला उत्तर देतां आलें नव्हतें. पुढें आम्हीं त्या विषयाची पदवी घेतली आणि त्यांतील सर्वांत अवघड समजला जाणारा सिद्धान्तांचा पेपर वर्षभर झगडून पार पाडला. त्या वर्षीं वर्गांत काय शिकलों आणि घरीं काय शिकलों, हें आज वाचकांपुढें प्रांजळपणें मांडावें असें वाटतें.

सिद्धान्तांच्या पेपराचा पहिला अनुभव कोणाही विद्यार्थ्यास विचारा. तो धास्तीचाच असावयाचा. अभ्यासक्रमाच्या आरंभीं तीन मोठीं नांवें दबा धरून बसलेलीं असतात. पहिला मार्क्स, त्याच्या ‘भांडवल’ या ग्रंथाचा पहिला खंड १८६७ सालीं निघाला. दुसरा फ्रान्सचा एमिल दुर्खीम आणि तिसरा जर्मनीचा मॅक्स वेबर. यांचे मूळ ग्रंथ फार थोडे विद्यार्थी उघडतात. बाकीचे गाइडें विकत घेऊन मुद्दे पाठ करतात. मार्क्सचे पांच, दुर्खीमचे सहा, वेबरचे चार, असा आमचाही हिशेब ठरलेला होता. त्यांतून कित्येकांची अडचण दुहेरी असे. इंग्रजी पुस्तकांतील वाक्य समजत नसे, आणि मराठींत उतरवलेली परिभाषा मूळ इंग्रजीहून कठीण वाटे.

पहिल्या चाचणीनंतरचा प्रसंग आम्हांला अजून स्पष्ट आठवतो. दुर्खीमच्या मतें समाजाचे कांहीं रीतिनियम व्यक्तीच्या बाहेर असतात आणि तरीही व्यक्तीवर दडपण आणतात. त्यांना तो ‘सामाजिक तथ्यें’ म्हणतो. ही व्याख्या वर्गांतील बहुतेक सर्वांनीं अक्षरशः बरोबर लिहिली होती. आमच्या प्राध्यापकांनीं उत्तरपत्रिका परत केल्या आणि शांतपणें विचारलें, “आज सकाळीं उठल्यापासून येथें येईपर्यंत तुमच्या घरीं असें एखादें तथ्य तुमच्या दृष्टीस पडलें काय?” साठ विद्यार्थ्यांच्या वर्गांत एकही हात वर गेला नाहीं. सकाळीं कोणीं चहा केला, कोणाला तो आधीं मिळाला, कोण उभ्यानेंच प्याली, हें सारें आम्हीं पाहिलें होतें. परंतु त्याचा आणि दुर्खीमचा कांहीं संबंध असेल, ही कल्पनाच कोणाला शिवली नव्हती.

त्या दिवसापासून शिकवण्याची तऱ्हा बदलली. दुर्खीमच्या १८९७ सालच्या आत्महत्येवरील ग्रंथापासून त्यांनीं पुन्हा आरंभ केला. ज्या कृतीहून अधिक खाजगी कृति सांपडणें कठीण, तिचे निरनिराळ्या युरोपीय देशांतील आंकडे दुर्खीमनें एकत्र मांडले. प्रत्येक देशाचें प्रमाण वर्षानुवर्षें बरेंचसें स्थिर राहतें. मुलाबाळांत असणाऱ्यांपेक्षां एकट्या माणसांत तें अधिक असतें. आणि आर्थिक संकटाप्रमाणेंच अचानक भरभराट आली तरीही तें वाढतें, असें त्यानें दाखवलें. माणूस आपल्या माणसांशीं किती व कसा बांधलेला आहे, यावर त्याचें जगणें अवलंबून असतें, हें आंकड्यांतून वाचतांना आमचा वर्ग प्रथमच मनापासून ऐकत होता.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वीं प्राध्यापकांनीं आम्हांला हॅरल्ड गार्फिंकेल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा एक प्रयोग सांगितला. गार्फिंकेल लॉस एंजल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत शिकवीत असे. रोजच्या व्यवहारांतील न बोललेले नियम मोडल्याशिवाय दिसत नाहींत, असें त्याचें म्हणणें होतें. म्हणून त्यानें आपल्या विद्यार्थ्यांना एक विलक्षण काम दिलें. त्यांनीं स्वतःच्याच घरीं पंधरा मिनिटें ते एक तास एखाद्या पैसे देऊन राहणाऱ्या बिऱ्हाडकरूसारखें वागावयाचें. अदबीनें, बहुमानार्थी संबोधून आणि कोणी बोलल्याखेरीज न बोलतां. १९६७ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें या प्रयोगाचा वृत्तान्त दिला आहे. ४९ पैकीं ९ प्रसंगीं विद्यार्थ्यांनीं काम नाकारलें किंवा त्यांना तें साधलें नाहीं. बाकीच्या घरांत मात्र गोंधळ उडाला. फ्रिजमधून खाण्यास कांहीं घेऊं का, असें एकानें विचारतांच त्याची आई चकित झाली. कारण इतकीं वर्षें तो न विचारतांच घेत आला होता. कोणी आजारी ठरला, कोणी उद्धट, कोणी आप्पलपोटा. खुलासा झाल्यावरही घरच्या मंडळींना या गोष्टीची फारशी मौज वाटली नाहीं.

“ज्यांच्या घरीं चालेल त्यांनीं सुट्टींत करून पाहावें,” एवढेंच प्राध्यापक म्हणाले. आमच्या घरीं चालेल किंवा नाहीं याचा विचार न करतां आम्हीं तें केलें.

आमचें घर त्या वेळीं अकरा माणसांचें होतें. आजी-आजोबा, आई-वडील, काका-काकू आणि आम्ही पांच भावंडें. दिवाळीच्या आदल्या दिवशीं दुपारीं बेसनाचे लाडू वळून झाले होते. आम्ही स्वयंपाकघराच्या दाराशीं उभे राहिलों आणि आईस म्हणालों, “आपली हरकत नसेल तर मी एक लाडू घेऊं का?” आईनें डोळे मोठे केले. “अरे, घे कीं! हें काय नवीनच?” आम्हीं आभार मानले, लाडू बशींत घेतला आणि कोठें बसावें हें विचारलें. आजीनें लगबगीनें कपाळास हात लावून पाहिला. आजोबांनीं बाहेरून विचारलें, “कोणाशीं भांडून आला आहे काय हा?” वडील तेवढ्यांत तेथें आले, त्यांनाही आम्हीं ‘आपण’ म्हणतांच ते संतापले आणि घरांत नाटकें करूं नकोस, असें बजावून निघून गेले. वीस मिनिटांत आमचा धीर सुटला व आम्हीं सारी हकीकत सांगून टाकली. मग मात्र सारे पोट धरधरून हंसले.

हंसली नाहीं ती फक्त काकू. ती खालीं बसून नारळ खवत होती. मान वर न करतां ती म्हणाली, “मी या घरांत आलें तेव्हां तीन वर्षें असेंच विचारून घेत होतें. मला ताप आला आहे का, हें कोणीं पाहिलें नाहीं.”

तिच्या स्वरांत राग नव्हता. त्यामुळेंच कोणाला कांहीं बोलतां येईना. कांहीं वेळानें आजी हळूच म्हणाली, “आणि मी माझ्या सासूबाईंना विचारीत होतें, तें तुला कोठें ठाऊक आहे?” त्यानंतर खवणीचा आवाज तेवढा चालू राहिला.

सुट्टीनंतर वर्गांत आम्हीं हा वृत्तान्त वाचून दाखवला. गार्फिंकेलच्या विद्यार्थ्यांनीं तासभर जें सोंग घेतलें, तें आमच्या घरांत एका माणसाच्या वांट्यास वर्षानुवर्षें आलें होतें. मुलानें परवानगी मागितली कीं घर हादरतें; सुनेनें मागितली कीं तिला वळण चांगलें आहे असें म्हणतात. आम्ही एकोणीस वर्षें त्या घरांत वाढलों होतों, आणि ही गोष्ट दिसण्यास आम्हांला एका परदेशी प्राध्यापकाची युक्ति लागली.

प्राध्यापकांनीं या वृत्तान्तास गुण दिले नाहींत. त्याऐवजीं एक जुना निबंध हातीं ठेवला आणि म्हणाले, “दिसलें, हें ठीक, आतां असें कां, तें शोधा.” तो निबंधही एका विद्यार्थ्याचाच होता. ९ मे १९१६ रोजीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गांत, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनीं तो वाचला होता. विषय होता हिंदुस्थानांतील जातींची घडण. पुढील वर्षीं तो ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकांत छापला गेला.

त्या निबंधांत आंबेडकरांनीं आणखी एका मराठी विद्यार्थ्याच्या ग्रंथाची चिकित्सा केली आहे. ते म्हणजे पुढें ज्ञानकोशकार म्हणून प्रसिद्धीस आलेले श्रीधर व्यंकटेश केतकर. अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठांत शिकत असतां केतकरांनीं जातिसंस्थेच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला. तो १९०९ सालीं प्रसिद्ध झाला. जातीचीं दोन लक्षणें त्यांनीं सांगितलीं होतीं. जातींत जन्मलेलाच तिचा सभासद होऊं शकतो, हें एक. आणि जातीबाहेर लग्न करण्यास मनाई, हें दुसरें. आंबेडकरांनीं केतकरांची योग्यता मान्य करून दाखवून दिलें कीं, हीं दोन लक्षणें वस्तुतः एकच आहेत. बाहेर लग्न बंद केलें कीं सभासदत्व आपोआपच जन्मावर येतें. म्हणून जातीचें मर्म जातींतच लग्न करण्याच्या नियमांत आहे.

पुढचा विचार वाचतांना आमचा हात थांबला. आपला समाज मुळांत गोत्राबाहेर लग्न करणारा; त्यावर जातीबाहेर न जाण्याचा नियम लादला गेला. मग जातींत स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राखणें भाग पडलें. पति निवर्तला कीं मागें राहिलेल्या स्त्रीचें करावयाचें काय, हा प्रश्न आला. सती, सक्तीचें वैधव्य आणि मुलींचे बालविवाह या चालींचें मूळ आंबेडकरांनीं याच प्रश्नांत दाखवलें. ब्राह्मणांनीं आपलें दार प्रथम बंद केलें, आणि इतरांनीं त्यांचें अनुकरण केलें किंवा त्यांच्यासाठीं दारें बाहेरून बंद झालीं, असें त्यांचें प्रतिपादन आहे. त्यासाठीं त्यांनीं गाब्रिएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाच्या अनुकरणाच्या सिद्धान्ताचा आधार घेतला. वर्गांतील सिद्धान्त खरोखर कशासाठीं असतो, हें आम्हांला तेथें समजलें.

त्या रात्रीं आम्हीं आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तान्त काढला. पणजोबांच्या धाकट्या बहिणीच्या नांवापुढें ‘बालविधवा’ एवढाच शब्द होता. पूर्वीं तो शब्द आम्हीं अनेकदां ओलांडून गेलों होतों. आतां काकूचें बोलणेंही निराळें ऐकूं येऊं लागलें. ती परक्या गोत्राची, म्हणून या घरांत बिऱ्हाडकरू. आणि आमच्याच जातीची, म्हणून तिलाच या घरांत येतां आलें. दोन्ही नियम तिच्या एकटीच्या ठायीं भेटले होते. स्वयंपाकघराच्या खिडकींत कामाच्या बाईंसाठीं वेगळा ठेवलेला कानतुटका कपही त्याच रात्रीं आमच्या नजरेस आला.

आम्ही कांहीं या वाटेनें जाणारे पहिले नव्हतों. मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचा विभाग १९१९ सालीं पॅट्रिक गेडीस यांच्या हाताखालीं सुरू झाला व १९२४ पासून तो मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आला. त्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे यांनीं १९२८ सालीं एम्. ए. केलें, तें आपल्याच चित्पावन समाजाच्या अभ्यासावर. पुढें त्या बर्लिनला गेल्या. तेथें त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते. युरोपीय कवट्यांत इतरांपेक्षां वेगळेपण आढळेल, अशी त्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंच्या मोजमापांत तसें कांहीं निघालें नाहीं. आणि त्यांनीं जें निघालें तेंच लिहिलें. सिद्धान्त शिकणें म्हणजे गुरूच्या मतास मान डोलावणें नव्हे, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांला ठाऊक नाहीं.

वडीलधाऱ्यांची भीति आम्ही जाणतों. मूल असलें कांहीं शिकून घरच्यांचा तिरस्कार करूं लागेल, असें त्यांना वाटतें. तशी चूक आमच्या हातूनही झाली. त्या हिवाळ्यांत आम्हीं जेवतांना कपाचा विषय काढून वडिलांशीं दोन दिवस वाद घातला आणि आजीस लागेल असें बोललों. वादानें कांहीं निष्पन्न झालें नाहीं. पुढच्या आठवड्यांत काकूनें तो फुटका कप टाकून दिला व बाईंना घरच्याच कपांतून चहा दिला. आजीनें दुसऱ्या दिवशीं खिडकींत दुसरा कप नेऊन ठेवला. काकूनें तो पुन्हा फळीवर इतर कपांत मांडला. हा क्रम पांच-सहा दिवस चालला. कोणी कोणास चकार शब्द बोललें नाहीं. सातव्या दिवशीं कप फळीवरच राहिला. सिद्धान्त आम्हीं वाचला होता. परंतु घराचा नियम बदलण्याचें काम ज्या बाईनें कोणताही सिद्धान्त वाचला नव्हता तिनें केलें, हें आम्हांला मान्य केलें पाहिजे.

तेव्हां ज्यांच्या घरचीं मुलें-मुली हा विषय घेऊं पाहत आहेत, त्यांना आमची विनंति एवढीच कीं, त्यांना अडवूं नये. आणि तीं घरीं येऊन प्रश्न विचारूं लागलीं तर रागावण्यापूर्वीं घरांतील एखाद्या गप्प माणसास तोच प्रश्न विचारून पाहावा. आणि विद्यार्थ्यांस सांगावयाचें तें हें कीं, गाइडांतील मुद्दे परीक्षेपुरते असूं द्यावे. खरें उदाहरण आपल्या घरांतच शोधावें. समाजांत आपण राहतों, म्हणूनच तो आपल्याला सहसा दिसत नाहीं.

आमच्या वडिलांना आम्हीं यांतलें कांहींच सांगितलें नाहीं. तशी वेळच आली नाहीं. त्यांचा प्रश्न ऐकून काकूनें, आतां सत्तरी ओलांडलेल्या काकूनें, पुतणीच्या पानांत आणखी एक पोळी वाढली आणि म्हणाली, “शिकूं द्या तिला. मात्र ती लाडू विचारून घेऊं लागली, तर उगीच ताप मोजत बसूं नका.”