पीतपिंड: मोडण्याचा आणि टिकण्याचा इतिहास

विजापूर रस्त्याने जुळे सोलापूर मागे टाकून सोरेगावच्या पुढे गेले की इमारती विरळ होतात आणि गोठे दिसू लागतात. गाय भरवून एकवीस दिवस होत आले की तिथे एकच चौकशी असते: राहिली की उलटली? याचा निकाल बीजांडकोशावरच्या जेमतेम पाच-सहा ग्रॅमच्या एका पिवळसर गाठीत लागतो. ही गाठ म्हणजे पीतपिंड. डॉक्टर मंडळी तिला, म्हणजे कॉर्पस ल्युटियमला, नुसते ‘सीएल’ म्हणतात.

1672 मध्ये डच वैद्य रेनिए द ग्राफ यांनी या गाठीचे वर्णन केले, पण ती कशासाठी असते ते कळायला विसावे शतक उजाडावे लागले. लुडविग फ्रेंकेल यांनी सशाच्या माद्यांमधली ही गाठ डागून नष्ट केली, तेव्हा गर्भ टिकला नाही. 1929 मध्ये कॉर्नर आणि ॲलन यांनी तिच्या अर्कावर गर्भ टिकवून दाखवला आणि 1934 मध्ये प्रोजेस्टेरॉन हे तिचे संप्रेरक शुद्ध रूपात हाती आले.

संप्रेरक सापडले आणि सगळ्यांचे लक्ष त्याच्यावरच खिळले. ही ग्रंथी उभी राहते कशी आणि मोडते कशी, हा प्रश्न मागे पडला. त्याचे उत्तर भलत्याच ठिकाणाहून आले. बेडकाच्या पिलाचे शेपूट कुठे जाते, या प्रश्नामागे लागलेल्या ग्रॉस आणि लापिएर यांना 1962 मध्ये कोलॅजन तोडणारे विकर सापडले. त्याचे भाऊबंद, म्हणजे एमएमपी कुळातली विकरे, पुढे बीजांडकोशातही दिसली. बीजांड ज्यात वाढते त्या पुटकाची भिंत ती विरघळवतात. फुटलेल्या जागेत केशवाहिन्यांना वाट तीच करून देतात आणि गाय गाभण नसेल तर ग्रंथी मोडतानाही तीच कामाला लागतात. त्यांना आवरणारी टिम्प नावाची प्रथिने शेजारीच तयार होत असतात.

मोडण्याचा हुकूम कोण देतो? मेंढीवरच्या 1972 च्या प्रयोगांनी गर्भाशयातून येणाऱ्या प्रोस्टाग्लॅंडिनकडे बोट दाखवले. तो हुकूम थांबवणारे गर्भाचे प्रथिन इंटरफेरॉनच्या जातीचे असल्याचे 1987 मध्ये कळले. गायीत सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या आसपास गर्भाचा हा निरोप पोचला तर पीतपिंड वाचतो.

गाभण गायीत विकरे झोपी जातात असे मात्र नाही. ग्रंथी काही महिने चालवायची तर वाहिन्या आणि भोवतालची जाळी सांभाळावी, बदलावी लागते. डागडुजी असो की पाडकाम, पहार तीच. माझ्या मते या सगळ्या शोधांत खरी मौज इथे आहे, आणि हीच गोष्ट सर्वात उशिरा लक्षात आली.

आपल्याकडे मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळीकांचनला बाएफ ही संस्था सुरू केली आणि कृत्रिम रेतन गोठ्याच्या दारात पोचू लागले. पुढे उजनी धरणाचे पाणी आले, ऊस आला. खिल्लार गायींच्या या मुलखात संकरित होल्स्टीन फ्रीजियन (एचएफ) गायी बांधल्या गेल्या. माज आणण्यासाठी प्रोस्टाग्लॅंडिनचे इंजेक्शनही आले. दोन-तीन दिवसांत पीतपिंड मोडतो आणि गाय माजावर येते. पण न तपासता गाभण गायीला ते टोचले तर गाभ पडतो. उन्हाचा प्रश्न वेगळाच. सोलापूरचा पारा मे महिन्यात चाळिशी ओलांडतो. तेव्हा एचएफ गायी जास्त उलटतात. खिल्लार तग धरते.

खिल्लारच्या पीतपिंडाचा प्रयोगशाळेत अभ्यास करणे मात्र सोपे नाही. जगभरातले हे बहुतेक संशोधन कत्तलखान्यातून आणलेल्या बीजांडकोशांवर झाले. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने गोवधावर बंदी आहे, त्यामुळे अभ्यासकाच्या हाती येतो तो म्हशीचा बीजांडकोश. जिवंत गायीत पाहायचे तर सोनोग्राफी, आणि त्यातही रक्ताचा प्रवाह दाखवणारे डॉपलर. विसाव्या दिवसाच्या सुमारास पीतपिंडातला प्रवाह आटलेला दिसला, तर गाय राहिलेली नाही हे माज दिसण्याआधीच कळते.