कारभारीण निवडताना काय मोजायचं?

कराडला खेटून असलेल्या आपल्या मलकापुरात रुग्णालय आहे, महामार्ग आहे, शिकायला आलेली मुलं-मुली आहेत. त्यामुळे खानावळ, डबे, कॅन्टीन, पार्लर अशी सेवेची कामं भरपूर. गटानं असं काम घेतलं, की कारभार कुणाकडे द्यायचा हा प्रश्न येतो. बहुतेकदा जी जास्त शिकलेली किंवा बोलण्यात पुढे, तिचंच नाव निघतं. हे माप पुरेसं आहे का?

आपल्याच जिल्ह्यातलं म्हसवड बघा. चेतना सिन्हा यांच्यासोबत बायकांनी बँक काढायचं ठरवलं. त्यांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून पहिला अर्ज नाकारला गेला. बायका अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला व्याजाचा हिशेब तोंडी विचारा. १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. हिशेबाची अक्कल होतीच, माप तेवढं चुकीचं होतं.

उद्योजक वृत्ती मोजताना अभ्यासक मुख्यतः तीन गोष्टी बघतात: नवं करून बघणं, गरज आधी ओळखणं आणि जोखीम घेणं. पण ‘तू धाडसी आहेस का?’ विचारलं, तर कोण नाही म्हणेल? म्हणून गेल्या तीन महिन्यांत काय केलं, ते विचारा. खानावळीत नवं काय सुरू केलं? सुट्टीत डबे कमी होणार हे ओळखून आधी काय सोय केली? नव्या गोष्टीत किती पैसे घातले, आणि बुडाले असते तर झेपले असते का? काहीच नसेल तर शून्य, नुसतं ठरवलं तर १, करून हिशेब ठेवला तर २ गुण.

जोखीम म्हणजे उडी नव्हे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी खुंटीवर कडी टाकायच्या खेळातून हे दाखवलं. यशाची ओढ असणारे अगदी जवळून कडी टाकत नाहीत, फार लांबूनही नाही. मधलं अंतर धरतात.

गुण कमी आले तर लगेच बाईला नावं ठेवू नका. पाचशे रुपये खर्चायलाही तिला चार जणांना विचारावं लागत असेल, तर ती नवं करणार कसं? आधी तिला थोडी रक्कम स्वतःच्या निर्णयानं वापरू द्या. तीन महिन्यांनी हेच प्रश्न पुन्हा विचारा, आणि मगच कारभारीण ठरवा.