गाडी पाण्यात बंद पडली तर विमा मिळतो का?

पनवेलला गाढी नदीचं पाणी चढलं की हा प्रश्न हमखास येतो. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर विषयच संपला. पॅकेज पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं असतं. पण झीज, यांत्रिक-विद्युत बिघाड आणि ‘परिणामी नुकसान’ वगळलेलं असतं. म्हणजे घाटात क्लच जळला तर खर्च तुमचाच.

खरी गोम पाण्यात आहे. पेट्रोल इंजिनात पिस्टन हवा-इंधनाचं मिश्रण दाबून साधारण दहाव्या हिश्श्यावर आणतो. हवा दबते, पाणी जवळजवळ दबतच नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना स्टार्टर मारला की पिस्टन मध्येच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हाच हायड्रोस्टॅटिक लॉक.

मग सर्वेअर म्हणतो, सीट भिजली ती पुराने, रॉड वाकला तो तुम्ही चावी फिरवल्याने. पहिल्याचे पैसे मिळतात, दुसऱ्यावर वाद होतो. मला हा तर्क जरा कोताच वाटतो. पाणी काय आपण ओतलं होतं? पण ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा कव्हर घेतलेलं नसेल तर भांडत बसावं लागतं. तेव्हा चावीला हात लावू नका. फोटो काढा, कंपनीला कळवा आणि गाडी टो करूनच गॅरेजला न्या.