ठाण्याने सांभाळलेली मराठी पुस्तकं

आजची ठाणे स्टेशनची गर्दी पाहून १८९३ सालचं ठाणं डोळ्यांसमोर आणणं अवघड आहे. खाडी, मिठागरं, तलाव, कोर्टकचेरी, तुरुंग झालेला किल्ला आणि १८५३ पासून धावणारी आगगाडी, एवढंच ते गाव. तिथे १ जून १८९३ रोजी विनायक लक्ष्मण भावे आणि विष्णु भास्कर पटवर्धन यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय काढलं. भाव्यांनी तेव्हा बाविशीही गाठली नव्हती. जुन्या मराठी वाङ्मयाचा इतिहास सांगणारं 'महाराष्ट्र सारस्वत' त्यांनी पुढे लिहिलं.

वाचनालयं त्याआधीही होती. रत्नागिरीचं १८२८चं, नाशिकचं १८४०चं. पण 'नेटिव्ह लायब्ररी' म्हणून निघालेल्या त्या काळच्या संस्थांत इंग्रजी पुस्तकांचा मान मोठा. ठाण्यातल्या या तरुणांनी ठरवलं, आपण मराठीच पुस्तकं जमवायची. छापखान्यांनी गजबजलेल्या मुंबईत असं संग्रहालय निघालं ते नंतर, १८९८ साली. याचा मला ठाणेकर म्हणून फार अभिमान वाटतो.

मी शाळेत असल्यापासून तिथला वाचक आहे. नव्या कादंबरीसाठी नंबर लावायचा, दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी भरायची, हे सगळं केलं. वय वाढलं तसं मला जास्त मोल वाटू लागलं ते वर्षानुवर्षं कुणी न मागितलेल्या पुस्तकांचं. कारण मागणी नसलेलं पुस्तक आधी मरतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यातलं आम्ल कागदाला आतून खातं, पान पिवळं पडतं आणि दुमडलं की तुटतं. त्यात खाडीची दमट हवा, कसर आणि वाळवी. अशा हवेत शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक धडपणे हातात येतं, त्यामागे कितीतरी माणसांची झाडपूस आणि बांधणी असते.

ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली छापलं गेलं आणि पुढे जवळजवळ विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं, तेव्हा कुठे ते आजच्या वाचकांपर्यंत पोहोचलं. मधल्या ९३ वर्षांत त्याची एकही प्रत कुणी ठेवली नसती, तर मालश्यांनी छापलं काय असतं? कोणतं पुस्तक पुढे मोलाचं ठरेल हे त्या त्या काळात कळत नाही, म्हणून सगळीच ठेवावी लागतात.

यासाठी पैसा लागतो. महाराष्ट्रात १९६७चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्याखाली ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान मिळतं, पण वेगळा ग्रंथालय कर मात्र नाही. वर्गणी आणि देणगीवाचून गावोगावच्या ग्रंथालयांचं भागत नाही.

म्हणून एक विनंती. आजोबांच्या ट्रंकेतली पुस्तकं रद्दीवाल्याला देण्याआधी त्यांची यादी करा. नाव, लेखक, छापखाना, साल एवढं पुरे. ती यादी जवळच्या ग्रंथालयातल्या ग्रंथपालांना दाखवा आणि तिथे गेलाच आहात तर सभासदही व्हा.