भगिनीहस्तीचे भोजन

२०२४च्या दिवाळीत पाडवा शनिवारी व भाऊबीज रविवारी आली. पुण्यातील आमच्या थोरल्या भगिनीच्या मुलांनी दोन्ही दिवस बाहेरच जेवावयाचे ठरविले. पाडव्याला भोजनगृहात आमची अक्का आयुष्यात प्रथमच पहिल्या पंगतीस बसली. भाऊबीजेला मात्र आमचे मन साशंक झाले. यमधर्म भगिनी यमुनेच्या घरी जेवला, म्हणूनच ही यमद्वितीया. मग भगिनीहस्तीचे अन्न कोठून मिळणार? घरी ओवाळणे आटोपून आम्ही निघालो. ताटे मांडली जाताच अक्काने वाढप्याकडून श्रीखंडाचे पात्र मागून घेतले व आमच्या ताटात स्वहस्ते वाढले. शंका फिटली. सत्तरीतील भगिनीला सणाचे दोन दिवस चुलीपासून विसावा मिळावा, याहून मोठी ओवाळणी आम्ही तरी कोणती घालणार होतो?